लिलावात काय काढावे आणि घासाघिशीत काय द्यावे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला एखादा जुना वाडा पाडायला निघाला की माळ्यावरचे सामान खाली येते आणि ओळखीची मंडळी विचारू लागतात की हे ऑनलाइन विकायचे तर लिलावात काढावे, की किंमत सांगून जाहिरात टाकावी. माझे म्हणणे असे, की ज्या वस्तूचा भाव गल्लीतला कोणीही सांगू शकतो तिला लिलाव नको. जिचा भाव खुद्द विकणाऱ्यालाच उमगत नाही, तिलाच तो हवा.

वापरलेला फ्रिज, मुलांची सायकल, दोन वर्षे वापरलेला मोबाइल यांचे दर साधारण ठरलेले असतात. घेणारा शहरातल्याच मुरारहून येतो, वस्तू चालवून पाहतो, दोन-पाचशे रुपये कमी करून घेतो आणि व्यवहार तिथेच मिटतो. त्यासाठी आठवडाभर बोली लागण्याची वाट कोण पाहील? आपल्याकडे लिलावाच्या संकेतस्थळांचा जम बसला नाही, त्यामागे मला हेच कारण दिसते. २००० साली सुरू झालेले बाझी डॉट कॉम २००४ मध्ये ईबे या अमेरिकी लिलाव-कंपनीने सुमारे ५ कोटी डॉलरना विकत घेतले, पण ईबेचे भारतीय संकेतस्थळ २०१७ मध्ये फ्लिपकार्टकडे गेले आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद पडले. तोवर मोफत जाहिरातींच्या ओएलएक्स आणि क्विकर यांनी घराघरांतले सामान आपल्याकडे ओढून घेतले होते. (या जाहिरातींना हमखास येणाऱ्या एका फोनबद्दल सांगितलेच पाहिजे: ‘पैसे पाठवतो, तुम्ही क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका’ असे म्हणणारा ग्राहक नसून भामटा असतो, कारण यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागतच नाही.)

लिलावाची खरी गंमत वेगळ्या मालात आहे. पिएर ओमिद्यार यांनी १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात जे संकेतस्थळ काढले आणि ज्याचे पुढे ईबे झाले, त्यावर सुरुवातीला विकली गेलेली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर होता, आणि तो १४.८३ डॉलरना गेला. तो बिघडलेला आहे हे विकणाऱ्याने लिहिले होते आणि घेणाऱ्याला बिघडलेलाच हवा होता. अशी दोन माणसे घासाघिशीच्या बाजारात एकमेकांना कधी भेटली नसती.

ईबेवर आपण आपली कमाल रक्कम नोंदवून ठेवतो आणि यंत्रणा आपल्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. माझी मर्यादा २००० रुपये, दुसऱ्याची १२०० आणि बोलीची पायरी ५० रुपयांची असेल, तर वस्तू मला १२५० ला मिळते. म्हणजे भाव प्रत्यक्षात दुसऱ्या क्रमांकाचा गिऱ्हाईक ठरवतो. मग मनातली रक्कम आधीच नोंदवून स्वस्थ बसावे, हे कागदावर बिनतोड वाटते. तरीही मुरलेले लोक शेवटच्या काही सेकंदांपर्यंत दबा धरून बसतात. अॅल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिले, की ठरल्या वेळी संपणाऱ्या लिलावात ही सवय जास्त दिसते आणि त्यातही संगणकांपेक्षा जुन्या, दुर्मीळ वस्तूंच्या लिलावात अधिक. जाणकाराने लवकर बोली लावली, की माल चोख असल्याची दवंडी तो स्वतःच पिटतो. म्हणून तो गप्प राहतो.

आमच्या ग्वाल्हेरचे उदाहरण टपाल तिकिटांचे आहे. १८८५ पासून ब्रिटिश भारताच्या तिकिटांवर रोमन आणि नागरी अशा दोन्ही लिपींत संस्थानाचे नाव छापून ती इथे वापरली जात. काही तिकिटांवर रोमन नावातल्या ‘ओ’च्या जागी ‘सी’ पडला आहे, आणि संग्राहकाचा जीव नेमका त्या चुकीत अडकतो. साहजिकच साध्या तिकिटांवर बनावट नाव छापणारेही निपजले. वापरलेले तिकीट असेल, तर मी भिंगाखाली आधी टपालाच्या शिक्क्याची शाई पाहतो: ती छापील अक्षरांवरून गेलेली हवी. अक्षरेच शिक्क्यावर चढलेली दिसली, तर नाव तिकीट वापरून झाल्यानंतर छापले, हे उघड आहे. म्हणून विकणाऱ्याने तिकिटाचा मागचा-पुढचा भाग, कडेचे दात आणि शिक्का यांचे मोठे फोटो द्यावेत आणि कोपरा दुमडला असेल तर तेही लिहावे. वर्णनात ‘दुर्मीळ’ असे तीनदा लिहिणाऱ्यापेक्षा एक दोष नेमका सांगणाऱ्याकडे जाणकार वळतो आणि दोन जाणकार वळले की भाव आपोआप चढतो.

जुन्या नाण्यांच्या बाबतीत मात्र परदेशी बोलीला भुलून पार्सल बांधू नये. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते, त्याच्या व्याख्येत नाण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. वाड्यातून शिंदेशाही नाण्यांची थैली निघाली, तर गिऱ्हाईक देशातच शोधावे लागेल.