तुम्ही विचारलंत म्हणून: गॅमाच्या शोधात क्ष-किरण कशाला?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या प्रत्येक लग्नात, मुंजीत, कधी बँकेच्या रांगेतसुद्धा मला एकच प्रश्न विचारला जातो: आकाशातले गॅमा किरणांचे स्रोत शोधायचे, तर क्ष-किरणांची दुर्बीण कशाला? पूर्वी मी हसून विषय बदलत असे. आता एकदाच लिहून ठेवते.

गॅमा किरण आरशाने एका बिंदूवर आणता येत नाहीत. 2008 साली सोडलेल्या फर्मी दुर्बिणीत ते टंगस्टनच्या पातळ पत्र्यांत शिरतात, तिथे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निर्माण होते, आणि त्या जोडीच्या वाटेवरून मूळ किरण कुठून आला असावा याचा अदमास बांधावा लागतो. असे पुष्कळ किरण जमले की आकाशात एक लंबवर्तुळ आखतात. अंधुक स्रोतांचे लंबवर्तुळ अंशाच्या दहाव्या भागाएवढे सहज असते. म्हणजे माणूस वडोदऱ्यात राहतो एवढे कळते, गल्ली आणि घर कळत नाही. त्या जागेत साध्या प्रकाशात तारेच तारे दिसतात, क्ष-किरणांत मात्र दोन-चारच दिवे लागलेले असतात. आणि गॅमा किरण फेकणारे स्पंदक (म्हणजे गरगर फिरणारे मृत ताऱ्यांचे गाभे, पल्सार) किंवा दीर्घिकांची केंद्रे बहुधा क्ष-किरणांतही तळपतात. 2004 पासून फिरणारी स्विफ्ट ही क्ष-किरणांची दुर्बीण अशा दिव्याची जागा अंशाच्या साधारण हजाराव्या भागापर्यंत सांगते. फर्मीच्या आठ वर्षांच्या यादीत 5,000 हून अधिक स्रोत होते आणि त्यांतले 1,300 हून अधिक बेवारस होते, म्हणजे ते नेमके कशाचे हे ठाऊक नव्हते, हे लक्षात घेतले तर हा उद्योग रिकामटेकडा वाटू नये.

पण विचारणाऱ्यांना खरे तर हे नको असते. त्यांना विचारायचे असते, ‘तो तुझा तारा कसा आहे?’ कारण त्यांनी पेढे खाल्लेले आहेत.

स्विफ्टच्या सुमारे सव्वा तासाच्या एका निरीक्षणात, एका बेवारस स्रोताच्या लंबवर्तुळात जवळजवळ मधोमध, क्ष-किरणांचे अकरा फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, एका ठिकाणी जमलेले मला दिसले. अकरा म्हणजे थोडे वाटतील, पण भोवतालचे आकाश रिकामे असताना ते पुरतात. त्याच जागी एक अंधुक तारा होता. जोडीदार ताऱ्याला हळूहळू झिजवणारा वेगवान स्पंदक, असा निष्कर्ष मी काढला आणि त्याच संध्याकाळी बाबांना सांगितला. बाबांनी गल्लीभर पेढे वाटले, आणि मी त्यांना अडवले नाही.

पुढे एका चर्चासत्रात मी हे मांडत होते. चौथ्या चित्रावर असताना दुसऱ्या रांगेतल्या एका विद्यार्थ्याने लॅपटॉपवरून नजर न उचलता अगदी अदबीने विचारले, ‘मॅडम, फर्मीच्या नव्या यादीत हा बिंदू बाहेर पडतो ना?’ मी नवी यादी पाहिलेलीच नव्हती. अधिक वर्षांची मोजणी धरल्यावर लंबवर्तुळ लहान झाले होते, किंचित सरकले होते, आणि माझे अकरा फोटॉन त्याच्या काठाबाहेर राहिले होते. पडद्यावर माझे जुने लंबवर्तुळ तसेच उभे होते आणि लेझरचा लाल ठिपका त्यावर थरथरत होता. तो माझ्याच हातात आहे हे मला थोड्या वेळाने कळले. रात्री बाबांनी विचारले, कसे झाले? मी म्हटले, छान झाले.

चूक मान्य करायला हरकत नाही, पण ती चूकच होती असे मला अजून वाटत नाही. ती लंबवर्तुळे 95 टक्के खात्रीची असतात. शंभर खऱ्या स्रोतांपैकी पाच बाहेर असायचेच. अर्थात हीच सबब दुसऱ्या कुणी सांगितली असती तर तेव्हाच्या ‘मी’ने तिला दारात उभे केले नसते, आणि नवी यादी न पाहता व्यासपीठावर चढणारीही तीच ‘मी’ होती, तेव्हा तिचे किती ऐकावे हाही प्रश्नच आहे. 1972 मध्ये सापडलेल्या जेमिंगा या गॅमा-स्रोताचे क्ष-किरणांतले स्पंदन रोसॅट दुर्बिणीने टिपेपर्यंत सुमारे वीस वर्षे गेली, हे मी बाबांना सांगते. तेव्हा बाबा म्हणतात, मग तुझ्याकडे अजून बरीच वर्षे आहेत.

तो अंधुक तारा काही तासांच्या ठरावीक चक्राने उजळतो-मावळतो का, म्हणजे स्पंदकाभोवती फिरणारा जोडीदार असल्यासारखा वागतो का, एवढे पाहायचे आहे. त्यासाठी मोठ्या दुर्बिणीचा वेळ दोनदा मागितला आणि दोन्ही वेळा मिळाला नाही. तिसरा अर्ज अर्धा लिहून झाला आहे. त्यात ‘लंबवर्तुळाबाहेर’ हा शब्द पहिल्या परिच्छेदात घालावा की तिसऱ्या, यावर गाडी अडली आहे.