पश्चिमेची भिंत

आमच्या वाचनकक्षातली पश्चिमेकडची पुस्तकं लांबूनही ओळखू येतात. कण्यांवरचा लाल रंग उडून गुलाबी झालाय, निळा राखाडी. भरपूर उजेड हवा म्हणून ती अख्खी भिंत काचेची केली. दुपारी तीननंतर तिथे कुणी बसत नाही. पडदे ओढायचे, मग अंधार होतो म्हणून दिवे लावायचे आणि एसी सोडायचा. ग्रंथपाल म्हणून इतकी वर्षं मी हेच करते आहे.

म्हणून नव्या इमारतीच्या समितीत मी आपणहून नाव दिलं. पहिल्या बैठकीत सगळी चर्चा गच्चीवरच्या सौर पॅनेलची. मी विचारलं, खिडक्या कुठल्या दिशेला?

वास्तुविशारद बाईंनी कागद ओढला आणि सूर्याची वाट काढून दाखवली. आपल्याकडे उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून दक्षिणेला साधा छज्जाही पुरतो. पश्चिमेचं कलतं ऊन छज्जाखालून सरळ आत शिरतं. तिथे जिने, भांडारखोल्या ठेवायच्या. वाचायची टेबलं उत्तरेला, कारण तिथला उजेड दिवसभर शांत असतो. इतकं सोपं होतं हे!

वसतिगृहाचाही विषय निघाला. टेरी या ऊर्जा-पर्यावरण संशोधन संस्थेच्या गुरुग्रामजवळच्या प्रशिक्षण संकुलात जमिनीखाली सुमारे 4 मीटरवर पुरलेल्या बोगद्यांतून हवा खेळवून खोल्यांत सोडली आहे. एवढ्या खोलीवर मातीचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही, त्यामुळे हवा उन्हाळ्यात गार होऊन येते आणि थंडीत ऊबदार. पावसाच्या पाण्याचा हिशोब तर तोंडी होतो: 1000 चौरस मीटर छतावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1000 लिटर.

मग कुणीतरी म्हणालं, जुनी इमारत पाडूनच टाकू. तिच्याबद्दल सर्वात जास्त तक्रारी माझ्या, तरी विरोधही मीच केला. सिमेंट करताना नुसतं इंधन जळत नाही, भाजताना खुद्द चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. उभं असलेलं काँक्रीट मोडून तेवढंच पुन्हा ओतायचं, हे मला पटेना.

शेवटी पश्चिमेच्या काचेबाहेर उभ्या पट्ट्या बसवायचं ठरलं. बाहेरच, कारण ऊन काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. पट्ट्यांचं रेखाचित्र माझ्या टेबलावर आहे. तोवर त्या रांगेतली पुस्तकं मी उत्तरेच्या कपाटांत हलवली आहेत.