३१५ की ३१८? बाबांची रायफल माझ्या नावावर होताना

बाबा गेल्यावर त्यांची रायफल माझ्या नावावर व्हायला अकरा महिने लागले. त्यातले सात महिने एका आकड्यानं खाल्ले. तो राग अजून गेलेला नाही, आणि खानापूर-बेळगाव भागात कुणाच्या घरी जुनी बंदूक असेल तर त्याला हे आधी कळावं म्हणून लिहितोय.

आमचं घर जांबोटीकडं. रायफल आजोबांनी घेतलेली. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सनं १९१० साली .३१८ नावाचं काडतूस काढलं, त्याची ही रायफल. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली, पण शेतराखणीसाठी परवाना बाबांनी चालू ठेवला होता.

परवानाधारक वारल्यावर वारसाला बंदूक घरात ठेवता येत नाही; पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावी लागते. बाबांच्या दिवसकार्यानंतर लगेच मी ती बेळगावात एका दुकानात ठेवून पावती घेतली. मृत्यूचा दाखला, नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून, वंशवृक्ष, आई, भाऊ आणि बहिणीची ई-स्टॅम्पवर ना-हरकत, डॉक्टरांचा दाखला, सगळं दीड महिन्यात गोळा झालं. अर्ज कन्नडमध्ये होता, तो शेजारच्या मास्तरांनी भरून दिला.

मग तपासणी. हवालदार दुकानात आला, नळीवरचा शिक्का वाचला, बाबांचं परवान्याचं पुस्तक उघडलं आणि थांबला. पुस्तकात ३१५. नळीवर ३१८. "इदु बेरे गन री," म्हणाला. ही बंदूकच वेगळी! रायफलीचा नंबर जुळत होता, तो मी बोट ठेवून दाखवला. त्यानं शेरा मारला तो मारलाच.

तिथून फाईल ज्या टेबलावर गेली तिथून ती हलेना. दर आठवड्याला जांबोटीहून बसनं यायचं, बाकावर बसायचं, चारच्या सुमाराला "साहेब मीटिंगला" ऐकायचं आणि परत जायचं. एकदा वाटलं, झालं काम. तर शस्त्र तपासनिसाकडून मोजमापाचा अहवाल आणा म्हणून सांगितलं. तो आला, व्हर्नियर कॅलिपरनं नळीचं तोंड मोजलं, आणि अहवालात लिहिलं .३३० इंच. कागदावर ३१५, शिक्क्यावर ३१८, मापात ३३०! आता तीन आकडे झाले. टेबलावरच्या कारकुनानं फाईल मिटून बाजूला ठेवली, ती पावसाळा संपेपर्यंत.

त्या काळात माझा जीव रायफलीत होता. आमच्या भागातला पाऊस म्हणजे कपाटातल्या चपलांना बुरशी. दुकानदार भला होता, महिन्यातून एकदा त्याच्यासमोर तेलाच्या फडक्यानं नळी पुसू द्यायचा. घोड्याजवळच्या खाचेत एक तपकिरी ठिपका आला होता, नखाएवढा. तो पुसताना डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

बाहेर चहाच्या गाड्यावर एकानं सल्ला दिला: उद्यमबागेत लेथवाल्याकडून ३१५ ची नळी करून बसवा, कागद जुळतील. कुणी असं सांगितलं तर ऐकू नका. शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच धरले आहेत, आणि बंदूक बनवायला किंवा दुरुस्त करायला वेगळा परवाना लागतो. लेथवाला आणि तुम्ही, दोघंही आत जाल.

सुटका केली ती दुसऱ्या एका तपासनिसानं, निवृत्तीला आलेल्या. त्यानं कागद मागितला आणि नळीचं वर्तुळ काढून दाखवलं. नळीच्या आत पेच असतात, उंचवटे आणि खाचा. खाच ते खाच मोजलं तर एक माप, उंचवटा ते उंचवटा मोजलं तर कमी. .३१८ हे नाव आहे, त्याची गोळी .३३० चीच असते. म्हणजे पहिला अहवालही बरोबर आणि शिक्काही बरोबर. चूक होती पुस्तकात. मग त्यानं .३१५ चं काडतूस शेजारी धरलं. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. ३१८ च्या बुडाला तशी कड नसते, खाच असते. एकाची नळी दुसऱ्याचं काडतूस घेणारच नाही.

३१५ आलं कुठून? .३०३ हे लष्करी माप, म्हणून नागरिकांसाठी बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यानं .३१५ ची रायफल काढली, आणि इकडं तीच सगळ्यांकडं. कधीतरी पुस्तक बदलताना लिहिणाऱ्याचा हात सवयीनं तिकडं गेला असणार.

पुरावा आईच्या ट्रंकेत निघाला. आजोबांचं १९५४ चं पुस्तक, वर 'मुंबई राज्य', कारण १९५६ पर्यंत बेळगाव तिकडंच होतं. निळ्या शाईत रायफलीचा तोच नंबर आणि स्वच्छ ३१८. हे पुस्तक मी सुरुवातीलाच शोधलं असतं तर सात महिने वाचले असते. म्हणून घरातलं परवान्याचं कुठलंही जुनं पुस्तक, रद्द झालेलंसुद्धा, टाकू नका. आणि अर्ज भरण्याआधी स्वतः नळीवरचा शिक्का वाचा, त्याचा फोटो काढा, प्रत्येक कागदाशी ताडून बघा.

त्या तपासनिसाचा अहवाल आणि १९५४ चं पुस्तक जोडल्यावर तीन आठवड्यांत दुरुस्तीचा आदेश निघाला. रायफल घरी आणली त्या दिवशी आईनं तिला हळदकुंकू लावलं.

अजून एक आठवलं. परवाना हातात आला म्हणजे ऑनलाइन नोंदही बदलली असं धरू नका. यूआयएनच्या, म्हणजे परवानाधारकाच्या ऑनलाइन ओळख क्रमांकाच्या, नोंदीत ३१५ तसंच राहिलं होतं. मी पुन्हा गेलो. संगणकावरच्या मुलीनं आदेश बघून दहा मिनिटांत ते ३१८ केलं आणि स्क्रीन माझ्याकडं वळवून दाखवली.