कुरवांचं वय, माझा तिसरा हिवाळा: आता आधी शेपटी पाहतो

राजेहो, डोकं पाहून कुरवाचं (सीगलचं) वय काढायचं मी सोडून दिलंय, काहून ते सांगतो.

नागपुरात कुरव दिसणं म्हणजे नशिबाचाच भाग, गोरेवाडा तलावावर एखादा आला तर आला, म्हणून डिसेंबरात विदर्भ एक्सप्रेस पकडून मुंबई गाठली आणि गेटवेवरून घारापुरीच्या लाँचने दोन दिवसांत चार फेऱ्या मारल्या. लोक कुरवांना वेफर्स टाकतात, ते टाकू नये असं मला मनापासून वाटतं, पण पक्षी एकदम जवळ येतात हेही खरं. साडेआठशे फोटो झाले, रोज रात्री तेच पाहून राहिलोय.

तर डोकं ऋतूप्रमाणे बदलतं. तपकिरी डोक्याचा कुरव हिवाळ्यात पांढऱ्या डोक्याचा होतो, कानापाशी नुसता एक काळसर ठिपका, मग तो पहिल्या वर्षाचा असो की पाचव्या. पण पिल्लाची पहिली पीसगळ अर्धवटच असते, डोक्याची आणि अंगाची पिसं बदलतात, पंखातली उडायची मोठी पिसं आणि शेपटी मात्र जन्मापासूनचीच राहते, थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत! हे डोक्यात शिरलं आणि सगळं सोपं झालं. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी आणि पंखावर तपकिरी डाग म्हणजे फर्स्ट विंटर, आयुष्यातल्या पहिल्या हिवाळ्यातला पक्षी.

एका फोटोत दोघं शेजारी आलेत, एक ॲडल्ट, दुसरा फर्स्ट विंटर. एकाची चोच लाल, टोक काळं, बुबुळ फिकट, पंखाच्या काळ्या टोकात ठळक पांढरे ठिपके, म्हणजे आपण ज्यांना मिरर म्हणतो ते. दुसऱ्याची चोच फिकी नारिंगी, डोळा काळाभोर, पंखाचं टोक नुसतंच काळं. डोळ्याची खूण काळ्या डोक्याच्या कुरवाला (ही वेगळी जात) लावू नका बरं, त्याचा डोळा कोणत्याही वयात गडदच असतो.

हे कळल्यावर गोरेवाड्याचा मागच्या वर्षीचा फोटो परत उघडला, ॲडल्ट म्हणून टाकला होता. पक्षी बसलेला, शेपटी पंखांखाली झाकलेली, पण झूम केलं तर पाठीला लागून जी मिटलेली पिसं असतात, टर्शियल, ती तपकिरी, कडेला फिकट. फर्स्ट विंटरच. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर नोंद दुरुस्त केली.

मोठ्या आकाराच्या कुरवांच्या जातींना अजून हात लावला नाही, त्यांना पूर्ण रंगात यायला चार वर्षं लागतात आणि मार्चपर्यंत पिसं झिजून तपकिरी रंग उडतो तो वेगळाच घोळ. सध्या एकाच फोटोवर अडलोय: शेपटी स्वच्छ पांढरी, चोच लाल, पण मिरर एकदम बारके. मला सेकंड विंटर वाटतोय. उद्या टाकतो, पंखाचं टोक नीट पाहून सांगा.