विश्वासाने आजार बरा होतो म्हणणारी ती प्रार्थनेची फेलोशिप का सोडली, तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात विचारता, मयतीत विचारता. "एवढे आत्म्याने भरलेले होतात, देवाने काय केलं याच्या साक्षी द्यायचात, मग परत त्या थंड मंडळीत, जुन्या चर्चमध्ये, कसे?" पैशावरनं वाजलं असेल हेही तुम्हीच ठरवून टाकलंय. नाही वाजलं. कमाईचा दशांश शेवटच्या महिन्यापर्यंत दिलाय मी.

आईला बारा वर्षं शुगर. मी माइकवर साक्ष दिली, आई बरी झाली, गोळ्या बंद, आणि हॉलभर टाळ्या. खोटं बोल असं मला कोणी सांगितलं नव्हतं, विश्वासाने आधीच बोलून मोकळं व्हायचं हे अंगात भिनलेलं. आठ महिन्यांनी तिच्या पायाची जखम चिघळली, दवाखान्यात निघताना चष्मा शोधत होतो, चष्म्याच्या डबीत गोळ्यांची पट्टी, चार गोळ्या अर्ध्या तोडलेल्या. पुरवून पुरवून खात होती. "तुझी साक्ष खोटी पडू नये म्हणून लपवल्या रे." पास्टरांना नाही, मला घाबरत होती. बोट कापावं लागलं. प्रार्थनेला आलेल्यांनी विचारलं, घरात अविश्वास कोणाचा आहे?

मी गप्प बसलो. दोन महिन्यांपूर्वी एका आजारी बाईला हेच मी विचारून आलो होतो.

नंतर बायबलमधला 1 करिंथ 15 वाचला. प्रेषित पौल सांगतो, मुख्य गोष्ट ही की ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. फेलोशिपमध्ये आशीर्वाद म्हणून मोजायचो तो प्लॉट यात नाही, प्रमोशन नाही. त्याच पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याचा त्रास, काढ म्हणून देवाला तीनदा विनवलं, उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरे आहे." त्याच्या घरात अविश्वास कोणाचा होता? आपल्या कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तर बायको-मुलाची ताटातूट झाली, लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा थेट 1900 ला. कसला आशीर्वाद मोजणार यात?

मग देव बरं करत नाही का? जुना मी इथेच मला पकडतो. येशूने आंधळे, कुष्ठरोगी बरे केले, ती पानं फाडू का? नाही फाडत. मागतो अजून, फक्त साक्ष देत नाही. आणि आमच्या मंडळीत क्रूस उपदेशात असतो हो, पण कारभार बघणाऱ्या पंचकमिटीच्या मीटिंगला शोधून सापडत नाही. आईच्या ड्रेसिंगला महिनाभर फेलोशिपच्याच बायका आल्या, मंडळीतलं कोणी नाही. याला माझ्याकडे उत्तर नाहीये.

आई अजून दर शुक्रवारी तिकडेच जाते. गोळ्या पर्समध्ये असतात. रिक्षा मीच करून देतो.