एका जिन्यासाठी मुंबईच्या चार खेपा

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर आग लागली आणि नवजात बालकांच्या कक्षातली 10 बाळं गेली. त्या सकाळी मी माझ्या प्रसूतिगृहातल्या, नवजात बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरसमोर बराच वेळ उभी होते. माझं रुग्णालय 15 खाटांचं, दुसऱ्या मजल्यावर. खाली दुकानं, वर राहती घरं, जिना एकच. इथे आग लागली तर बाळंतिणींना कुठून उतरवायचं, हे मी 18 वर्षांत स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

पाठोपाठ फायर ऑडिटची पत्रं आली. 1949 च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली दर 3 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. आता त्यासोबत अग्निशमनचा ना हरकत दाखला हवा होता आणि दाखल्यासाठी रुंद जिना, सुटकेचा दुसरा मार्ग, गच्चीवर पाण्याची वेगळी टाकी. इमारतीचा नकाशा मंजूर झालेला राहण्यासाठी. आहे तो जिना रुंद करायचा तर खालचं दुकान तोडावं लागणार, आणि दुकान दुसऱ्याच्या मालकीचं. तालुक्यातल्या बहुतेक लहान रुग्णालयांची हीच गत होती. मी डॉक्टरांच्या संघटनेची सचिव, त्यामुळे निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या निवेदनाचा विषय होता ‘जाचक अटी रद्द करणेबाबत’. आमदारांचं शिफारसपत्र जोडलं, महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास केला आणि मुंबईत जीटी रुग्णालयाच्या आवारातल्या सार्वजनिक आरोग्य विभागात गेलो. टपालात पोच मिळाली, पत्रावर ‘तपासून सादर करावे’ असा शेरा पडला. काम झालं असं समजून आम्ही परतलो. शेरा म्हणजे निर्णय नव्हे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या खेपेला एका कक्ष अधिकारी बाईंनी निवेदन माझ्यासमोर शब्द न् शब्द वाचलं. म्हणाल्या, “मॅडम, नोंदणी आमच्याकडे आहे, पण आगीचा कायदा नगरविकास विभागाचा. आणि रद्द करा म्हणजे नेमकं काय? कुठलं कलम?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या बाईंची मी आजही ऋणी आहे.

परतीच्या गाडीत मी 2006 चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम पहिल्यांदा नीट वाचला. उपाययोजना चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची आणि भोगवटादाराचीही, म्हणजे जागा वापरणाऱ्याचीही. यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं. यातलं रद्द करायला सांगण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं.

मग आम्ही टेप घेऊन एकमेकांच्या रुग्णालयांत हिंडलो. जिन्याची रुंदी, मजले, खाटा, विजेचा मंजूर भार आणि प्रत्यक्षातला भार, सगळं वहीत उतरवलं. एकाकडे मागचं दार कुलूपबंद होतं, किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. माझ्याकडे जिन्याच्या वळणावर ऑक्सिजनचे सिलिंडर उभे होते. रोज त्यांच्या बाजूने वर जायचे मी. ते त्याच संध्याकाळी हलवले. वॉर्मर आणि एसी एकाच जुन्या वायरिंगवर होते, तेही बदललं. या कामांना मुंबईच्या परवानगीची गरज नव्हती.

नंतर रंगीत तालीम केली. रात्रपाळीला माझ्याकडे एक सिस्टर आणि एक मावशी, दोघीच असतात. चार बाळांच्या जागी उशा, सिझर झालेल्या तीन बायकांच्या जागी आमच्याच मुली. सगळ्यांना खाली आणायला 11 मिनिटं लागली. धूर नसताना.

संघटनेत काहींना बंद पुकारायचा होता. मी कडाडून विरोध केला. भंडाऱ्यानंतर रुग्णालयं बंद ठेवून सूट मागायची, हे मला कुणालाही सांगवलं नसतं. मागणी बदलली: जुन्या, कमी उंचीच्या इमारतींत आतला जिना रुंद करण्याऐवजी बाहेरून लोखंडी जिना चालवून घ्या, तो सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडलेल्या जागेत उभारायला परवानगी द्या, आणि टप्प्याटप्प्याने हे काम करून घेणाऱ्या रुग्णालयांची नोंदणी तोवर तात्पुरती चालू ठेवा.

तिसऱ्या खेपेला हे घेऊन मंत्रालयात नगरविकासकडे गेलो. शिष्टमंडळात पाच डॉक्टर आणि आमच्या सिस्टर. उपसचिवांनी दहा मिनिटं दिली होती. मी कलमं सांगत होते, ते मान डोलावत होते. मग सिस्टर बोलल्या, “साहेब, दोन बाळं झोळीत घेतली तरी दोन मागे राहतात. आधी कुठली उचलायची ते मला सांगा.” खोलीत शांतता पसरली. साहेबांनी आमची वही मागून घेतली, पानं उलटली आणि कलिन्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाचे अभिप्राय मागवायला सांगितलं. चौथी खेप कलिन्यालाच झाली, मोजमापांच्या प्रती आणि इमारतींचे फोटो द्यायला.

राज्यपातळीवरची फाइल अजून फिरते आहे आणि मी दर महिन्याला फोन करते. पण त्याच कागदांच्या आधारे आमच्या पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहणी केली आणि बाजूच्या सामासिक अंतरात लोखंडी जिन्याला लेखी परवानगी दिली. खालच्या दुकानदारानेही संमतिपत्रावर सही केली. त्याची नात माझ्याच हातची.

जिना उभा राहिल्यावर तालीम पुन्हा केली. पाच मिनिटं लागली. पहिल्या पावसात पायऱ्या निसरड्या झाल्या तेव्हा सिस्टरांनी खरखरीत पत्रे लावून घेतले, आणि आता त्या रात्रपाळीला आणखी एक सिस्टर मागत आहेत. जाहिरात दिली आहे.