जे-२४ बोटीच्या डेकमधला ओला बाल्सा बदलताना: माझा अनुभव

पाय ठेवल्यावर डेक किंचित दबत असेल, तर रंगाचा डबा उघडू नका. जे-२४ या छोट्या शिडाच्या बोटीच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांत बाल्सा हे हलकं लाकूड भरलेलं असतं. कठड्याच्या खांबांच्या बोल्टांपाशी सीलंट सुकलं की पाणी थेट त्या लाकडात उतरतं आणि वरचं फायबर मात्र धडधाकट दिसत राहतं.

स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने दर दोन इंचांवर ठोकून पाहिलं. कोरड्या जागी टणक आवाज, कुजलेल्या जागी भद्द. तेवढ्या भागाभोवती खडूने रेघ मारली.

मुंबईत बोटी पावसाळ्यासाठी बाहेर काढतात, म्हणून सगळी दुरुस्ती तेव्हाच उरकायचा मोह होतो. डेकसाठी तो काळ वाईट, कारण त्या दमट हवेत उघडलेला बाल्सा वाळत नाही. पावसात कप्प्या आणि दोरांची कामं केली. डेक उघडलं ते ऑक्टोबरच्या उन्हात.

ग्राइंडरने फक्त वरचा थर कापला आणि तो तुकडा जपून ठेवला, तोच परत बसतो. आतला थर कापला गेला तर खालून आधार देत बसावं लागतं. पटाशीने निघालेला बाल्सा काळा पडला होता, मुठीत दाबला की पाणी ठिबकत होतं. फिकट, कोरडं लाकूड लागेपर्यंत कापत जायचं. इथे हात आखडता घेतला तर पुढचं सगळं काम वाया.

नवा बाल्सा जुन्याच जाडीचा आणि उभ्या रेषांचा, म्हणजे लाकडाचे तंतू डेकला काटकोनात उभे राहतील असा हवा. चिकटवायला वेस्ट सिस्टिम कंपनीचं १०५ हे इपॉक्सी रेझिन घेतलं, सोबत ते कडक करणारं गरम हवेसाठी २०९ हार्डनर, मापाने ३:१. (२०५ किंवा २०६ असेल तर ५:१.) पॉलिएस्टर रेझिनची सवय असलेले लोक लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवतात, इपॉक्सी त्याने मऊच राहतं. मिश्रण पेल्यात ठेवू नका, तापून धूर येतो. पसरट ताटलीत ओता.

लाकडाला आधी दोन्ही बाजूंनी पातळ रेझिनचा हात दिला. तो वगळला तर चिकटवायचं रेझिन लाकूडच पिऊन टाकतं. मग सिलिकाची पूड घालून श्रीखंडाइतकं दाट केलेलं रेझिन लावून बाल्सा दाबून बसवला. त्यावर जपलेला तुकडा. हवा निघावी म्हणून त्यात ३ मिमीची भोकं पाडली. वर प्लॅस्टिक आणि वाळूच्या पिशव्या ठेवल्या.

सांध्याला १२:१ उतार दिला, म्हणजे २ मिमी थराला दोन्हीकडे साधारण २५ मिमी, आणि त्यावर काचकापडाचे थर चढवले. सुकल्यावर पृष्ठभागावर मेणचट पापुद्रा येतो. घासण्याआधी तो पाण्याने आणि स्क्रबरने धुवा, नाहीतर पॉलिश पेपर त्याला आतच रगडतो आणि रंग सुटतो.

खरी काळजी बोल्टांची. ६ मिमी बोल्टासाठी आतला थर सोडून १२ मिमीचं भोक पाडलं, ते दाट इपॉक्सीने भरलं, आणि कडक झाल्यावर मधोमध ६.५ मिमीने छिद्र घेतलं. आता पाणी गळलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. छिद्राचं तोंड किंचित खोलगट केलं, बोल्टाभोवती ब्यूटाइल टेपची (चिकट रबरी पट्टीची) कडी गुंडाळली. बोल्टाचं डोकं वरून धरून ठेवायचं, फिरवायचा तो खालचा नट. डोकं फिरलं की टेप पिळवटते. पुढचे तीन-चार दिवस रोज थोडं आवळलं.

शेवटी प्रत्येक नटाभोवती टिश्यू पेपर गुंडाळून वरून पंधरा मिनिटं नळी सोडली. एकच कागद भिजला. तो बोल्ट काढून टेप नव्याने घातली.